मनगटाचा एक्स-रे

सानपाड्याच्या लॅबमधून पाकीट आलं.
उजेडासमोर धरलं, तर
तेरा वर्षांखालच्या सगळ्या पोरांचे हात
काळ्या पाण्यात पसरलेले.

जयेंद्र मढवी. दिवा कोळीवाडा. डावा विंग.
अजून वाढायचंय असं सांगणारी फट
त्याच्या हाडांत बुजलीय.
डॉक्टर लिहितात : पंधरा.
त्याची आई सांगते : वाशीचा सरकारी दवाखाना,
पहाटेचे चार दहा,
मला विचारा ना, सर, हाडांना काय विचारता?

मी फक्त यादी करतो.
एक नाव खोडलं की खालचं वर सरकतं.
क्लबला कागद लागतो, रड लागत नाही.

आज तो सगळ्यांआधी आलाय घणसोलीच्या मैदानावर.
ओहोटीला बापाबरोबर निवट्या धरून
तसाच, बुटांत खाडी घेऊन.
"सर, पासिंगपासून सुरू करायचं?"

पाकीट मी घाईत किटबॅगेत कोंबलं.
म्हटलं, आधी चेंडूंत हवा भर.
मग आठवलं,
पंप कशाखाली आहे ते.

तो गुडघ्यावर बसतो,
बिळात घालावा तसा
न बघता हात घालतो आत,
कोपरापर्यंत.