हात बसेपर्यंत

तिएर गावात ड्युरोल नदी
इतक्या अरुंद घळीतून खाली पडते
की हिवाळ्यात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
आन्सेल्म म्हणतो, बरंच आहे ते.
पात्याचा उतार उन्हात दिसत नाही,
तिरप्या उजेडात दिसतो.

आधी त्यानं पात्याच्या कडेला निळी शाई फासली,
सुईनं तिच्यावर दोन रेघा ओढल्या,
मधे केसाएवढी जागा.
"डावीकडून ह्या रेघेपर्यंत ये,
उजवीकडून त्या.
मधलं आज कुणाचंच नाही."

मग हातात दिला अक्रोडाच्या लाकडाचा ठोकळा.
खालच्या अंगाला खाच, तिच्यात पात्याची पाठ टेकते.
वर अंगठ्यापुरता खळगा
आणि घामानं काळी झालेली चामड्याची वादी.
कोपर बरगडीला चिकटव, तो म्हणाला,
मनगट आहे हे विसर,
कमरेनं सरक.
टाचेपाशी घाई नको.
टोकाकडे जाताना मूठ जरा उचल,
नाहीतर पट्टा टोक खाऊन टाकेल.
दर खेपेला पाण्यात बुडव.
निळी झाक आली की संपलं,
पोलादाचं पाणी उतरलं.
मग वर कितीही धार लाव,
पावसुद्धा हसेल तुला.

पहिली अकरा पाती वाया गेली.
डावी बाजू सरळ यायची,
उजवीला पोट सुटायचं.
बिघडलेलं प्रत्येक पातं तो खिडकीपाशी तारेला टांगायचा,
काही न बोलता.
वारा आला की ती वाजत.
त्यातलं माझं कुठलं, आवाजावरून कळायला लागलं मला.

बाराव्याला मी चिडले.
म्हटलं, हा ठोकळाच वाकडा आहे,
शेवटची दोन बोटं ठेवायची कुठे?
जागाच नाही त्यांना.

तो पाव खात होता, वर चीजचा तुकडा.
खाणं थांबवलं नाही त्यानं.
मी त्याच्या हाताकडे पाहिलं,
चार महिन्यांत पहिल्यांदा, नीट.
पाव तीन बोटांत होता.

"प्रेसमध्ये," तो म्हणाला, "पंचाहत्तर साली.
ठोकळा त्यानंतरचा."
तुकडे झटकले.
"माझा बाप फळीवर पालथा पडून घासायचा.
पोटाखाली चाक, तोंडावर गार पाण्याचे शिंतोडे,
पायांवर कुत्रं, उबेला.
त्याला कशाला लागतोय ठोकळा?
त्याचं अख्खं अंगच ठोकळा होतं.
संध्याकाळी उठायचा तेव्हा
उभं कसं राहायचं हे आठवायला वेळ लागायचा त्याला."

मी करंगळी मिटली,
तिच्या शेजारचीही.
ठोकळा तळहातात असा शिरला
जसा घरी आला असावा.
पट्ट्याचा आवाज बदलला.
ठिणग्या एका रेषेत गेल्या, खाली, चुपचाप.
उजवी बाजू रेघेला टेकली आणि थांबली.
मी थांबवली नव्हती.

त्यानं पातं खिडकीशी धरलं,
एका डोळ्यानं पाहिलं,
तारेला टांगलं नाही.
फळकुटांच्या ढिगातून अक्रोडाचा तुकडा काढून
माझ्यासमोर टाकला: "तुझा तू कर.
माझा मला लागतो."

रविवारभर कोरत बसले.
पाच बोटांच्या पाच खाचा,
मापून, पेन्सिलनं आखून, कानस मारून.
देखणा झाला.
सोमवारी त्यावर पातं टेकवलं
आणि दोन बोटं
न सांगता मिटली.
त्यांच्या खाचा रिकाम्याच राहिल्या,
त्यांत दिवसभर पोलादाची धूळ साचत गेली.

घरी जाताना बेकरीत थांबले.
लेओंतिनबाईंच्या हातावर सुटे पैसे ठेवले.
त्यांनी पैसे मोजले नाहीत,
माझ्या मुठीकडे पाहत राहिल्या.
"आन्सेल्मकडे शिकतेस का गं?"