केरसुणी पुढे

गांगुर्डे म्हणाले, पहिल्याच रात्री,
दिसते ती वाफ नव्हे रे.
दिसतं ते तिचं निवलेलं रूप,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखं नुसतं गुरगुरणारं.
खरी असते त्याच्या अलीकडे,
पाइप आणि ढग यांच्यामधल्या
वीतभर मोकळ्या जागेत.
तिथं काहीच नाही असं वाटतं ना,
तिथंच.

मग त्यांनी केरसुणी उचलली,
शिंदीची, लांब बांबूला तारेनं बांधलेली,
आणि आंधळ्यानं काठी टेकत जावं तसे
निघाले मेन लाइनच्या कडेनं.
वर, खाली. वर, खाली.
मी त्यांच्या बुटांच्या टाचा बघत मागे.

तिसऱ्या फ्लँजपाशी
शेंडा नुसता गेला.
ठिणगी नाही, काही नाही,
न्हाव्यानं बट उतरवावी
तसा अलगद पडला खाली
आणि पडल्या जागी काळा होत गेला.
"साठ किलोचं प्रेशर," ते म्हणाले,
"हाडाला विचारून जात नाही."

निफाडचा पारा उतरला की
अंबडमध्ये सगळंच वाफाळतं.
गटारं, टपरीवरचा चहा, गेटवर बोलणारी तोंडं,
पांडवलेणीचा डोंगरसुद्धा
कुणी मंद आचेवर ठेवल्यासारखा.
नवी पोरं भलत्याच ढगाला बिचकतात
आणि जिथं स्वच्छ दिसतं
तिथून शीळ घालत जातात.
मी त्यांची कॉलर धरून मागे ओढतो.
माझी कुणी ओढली होती, ते सांगत नाही.

दिवाळीला मी रविवार कारंजावरून
दोन केरसुण्या आणतो.
एकीला हिरा हळदकुंकू वाहते.
"दुसरी कशाला?" विचारलं तिनं एका वर्षी.
कामावर लागते, म्हटलं.
ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली,
मग दुसरीलाही बोट टेकवलं.

यंदा टिळे मॅडमनी
पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं.
माणसाच्या कानापलीकडची शिटी पकडतं, म्हणाल्या,
आणि ऐकू येईल इतकी खाली आणतं.
गांगुर्डे मार्चमध्ये रिटायर.
बॉयलरनं त्यांचे बारीक आवाज कधीच नेलेत.
ढोल ऐकू येतो,
नातीचे पैंजण येत नाहीत.
हेडफोन त्यांनी टोपीसारखा दोन्ही हातांनी घातला,
नळी लाइनवर धरली,
हळूहळू सरकवली
आणि थांबले.

खूप वेळ थांबले.
"आहे," म्हणाले. "ही काय, इथं आहे."
पुढे गेले. "इथंही."
मग हेडफोन गळ्यात उतरवून
कुणाकडेच न बघता,
"मला वाटत होतं, हल्ली लाइन शांत झालीय."

त्या दिवशी पाच लाल टॅग लागले.
पाचही जागांवरून
आम्ही रोज डबा घेऊन जात होतो.

यंत्र पेटीत, पेटी कपाटात,
कपाटाची चावी स्टोअरला.
स्टोअर सहाला बंद होतं.
रात्री दोनला प्रेशरचा काटा जरा हलला, तेव्हा
दाराशी केरसुणी होती,
दांड्याजवळ कुंकवाचा डाग असलेली.
शेंडा अजून शाबूत.

पोराला म्हटलं, माझ्या टाचा बघत ये.