बदली

सरकारी पत्रात माझं नाव नाही.
बदली कामगार, सव्वीस दिवस, एवढंच.
पहाटेची धार, संध्याकाळची धार,
मुरघास, शेण, एक आजारी कालवड.
'कारण' या रकान्यात रैमोने लिहिलंय: पाठदुखी.

पाठ ठणठणीत आहे त्याची.

सुरुवात एका वासरापासून झाली.
सप्टेंबरात गेलं ते, आणि त्याने नोंदच केली नाही,
बत्तीस वर्षांत एका बिल्ल्याचाही घोळ न घातलेल्या माणसाने.
कुओपिओच्या कचेरीतल्या बाईने
दंडाची नोटीस टाइप करायला घेतली होती,
पण मागची पानं चाळली आणि फोन उचलला.
बिल्ल्याचा नंबर विचारला, तारीख विचारली,
मग त्याच कोरड्या आवाजात:
झोप लागते का?

याला फॉर्मात रकाना नाही.
रैमो गप्प.
तिनेही फोन ठेवला नाही.
पलीकडे कुणीतरी कॉफीचा कप ठेवल्याचं ऐकू आलं, म्हणे.

मग आले मंजुऱ्यांचे कागद:
माझे दिवस,
बोलायला जाण्याची पाच कुपनं,
आणि एक हिशेबनीस, बँकेत त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसणारा.
बर्फाळ रस्त्याने सत्तर किलोमीटर आला तो बिचारा,
राईच्या भाकरीचा डबा घेऊन.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने पाकिटं फोडली,
काही तर मे महिन्यापासून बंद होती,
आणि तीन ढीग लावले:
हे आत्ता. हे वसंतात.
आणि हे, रैमो, तुझं देणंच नाही.

पहिल्या दिवशी हेलूनाने पान्हा चोरला.
परका हात कळतो त्यांना.
मी कोमट फडक्याने कास पुसत बसले,
यंत्र बाजूला धडधडत राहिलं, राहू दे.
खिडकीत तीन वाजताच रात्र.
गाईपुढे घाई करून कुणाचं भलं झालंय?

रैमो कुठेही गेला नाही.
सुट्टीत काय करतात हे त्याला माहीतच नव्हतं.
तीन दिवस झोपला.
चौथ्या दिवशी नुसत्या मोज्यांवर अंगणात उभा,
हातांचं काय करावं ते न कळून
कोटाची बटणं लावतोय, काढतोय.

नवव्या दिवशी गोठ्याच्या दारात आला.
"मागच्या डाव्या सडाला हात लावलास की लाथ घालते ती."
माहितेय, म्हटलं, पोटरी दाखवली.
हसला नाही. पण उलट्या बादलीवर बसला
आणि वासराबद्दल बोलला.
आधी वासराबद्दल. मग बापाबद्दल.
मग ऑगस्टमधल्या एका रात्रीबद्दल, जी मी इथे लिहिणार नाही.
मी धार काढत राहिले. मान वळवली नाही.
वळवली असती तर आटला असता.

आज सव्विसावा दिवस.
उद्यापासून मी सोंकायार्वीला, हिल्काच्या गोठ्यात,
तिचं कारण मनगट आहे.
रैमोची दोन कुपनं वापरून झाली,
तिसरं फ्रिजवर चुंबकाखाली, मंगळवारची तारीख लिहिलेलं.
बूट घालताना त्याने विचारलं,
शेजारच्या आर्व्होला देता येतं का एखादं?
नियमात बसत नाही, म्हटलं,
पण कुओपिओच्या बाईला विचार.
नंबर देऊ?

नको, म्हणाला.
पाठ आहे.