पिठावरचे हात

इस्माएलचा पाय मोडला त्या जुलैत
नदीवरचा गार वारा सगळं मोन्तेविदेओ हिंडून
शेवटी आमच्याच स्वयंपाकघरात मुक्कामाला यायचा.
पोरगं नऊ वर्षांचं. मांडीपर्यंत प्लास्टर.
जेवणाच्या टेबलावर त्यानं मांडलं
हजार तुकड्यांचं कोडं,
त्यातले सहाशे तुकडे नुसतं आकाश.
पंधरा दिवस आम्ही उभ्यानं जेवलो.

वाल्देमारनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी,
त्याला पत्ते शिकवले; पत्त्यांच्या आधी, खोटं बोलणं.
भुवई उडाली तर काय, ओठ चावला तर काय.
गुण मोजायला घेवड्याचे दाणे.
तिसऱ्या दिवशी पोरानं सतरा दाणे जिंकले
आणि म्हातारा रुसला.
रेडिओ उघडून बसला,
जो बिघडलेला नव्हता.

मग एका रात्री शेगडीवरच्या पत्र्यावर खरखर.
मांजर, म्हणाले वाल्देमार.
चोर, म्हणाली भिंतीपलीकडची सुल्मा,
तिला एकोणीसशे नव्वदपासून चोरच ऐकू येतात.
इस्माएल म्हणाला, कोणीतरी आहे.
तोच खरा ठरला.
नाव ठेवायची घाई त्यानं केली नाही.

मी बेकरीत कामाला. पहाटे चारची ड्यूटी.
जमिनीवर सांडलेलं पीठ फेकायचंच असतं;
ते पिशवीतून आणलं,
आणि रात्री, गल्ली निजल्यावर,
लिंबापासून गटाराच्या जाळीपर्यंत
चाळणीनं अंगणभर चाळलं.
बोटं बधिर. तोंडातून वाफ.
कुणी पाहिलं असतं तर काय सांगितलं असतं?

सकाळी पिठावर हात होते.
पाय नव्हेत. हात.
पाच-पाच बोटं, फाकलेली, तान्ह्या बाळाएवढी,
जणू कुणी रांगत आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं
आणि विचार बदलून परत गेलं.
मधून एक नागमोडी रेघ.

इस्माएलला खुर्चीसकट बाहेर नेलं.
त्यानं ठशाशेजारी आपला हात धरला,
टेकवला नाही.

कोमाद्रेखा, म्हणाले वाल्देमार.
मांजराएवढी, उंदरासारखी शेपटी.
गावाकडे कोंबड्या न्यायची,
आम्ही पोरं काठ्या घेऊन धावायचो.
ती पडायची. जीभ बाहेर, डोळे उघडे, श्वास नाही.
आम्ही जिंकलो म्हणून ओरडत घरी जायचो.
बराच वेळ ते रेडिओचा स्क्रू फिरवत राहिले.
सकाळी तिथं काहीच नसायचं, म्हणाले.
इतकं पक्कं खोटं मला पत्त्यांत कधी जमलं नाही.

पाचव्या रात्री आम्ही दिवे मालवून
तिघं एका खिडकीत.
ती आली. सडका पेर दोन्ही हातांत धरून
म्हातारीसारखा चोखत बसली.
काळा चेहरा, आणि कान पांढरे,
पिठात बुडवून काढल्यासारखे.
इस्माएलनं माझी बाही घट्ट धरली होती.
वाल्देमारनी भुवई उडवली.
त्याचा अर्थ काय, मी विचारलं नाही.

ऑगस्टात प्लास्टर निघालं.
पोरगं चेंडूमागे गेलं ते गेलंच,
आता फक्त भुकेला घरी येतं.
कोडं खोक्यात गेलं, आकाशाचा एक तुकडा कमी.
सोफा हलवला, रेडिओच्या पोटातसुद्धा पाहिलं.

चाळणी मात्र सुटली नाही माझी.
ऑक्टोबरात लिंबाला कळ्या आल्या
आणि एका सकाळी ठसे खोल दिसले.
तीच बोटं, तीच वाट, पण टाच रुतलेली,
पावलं जवळजवळ, जिथं तिथं थांबलेली.
पन्नास किलोची पोती उचललेली बाई मी,
आणि एका थोराड पोराला
दीड महिना संडासापर्यंत नेलेली.
पाठीवर कुणी असलं की चाल कशी होते,
मला कळतं.

घरात बोलले नाही.
सुल्माला तर नाहीच.

आज पीठ संपलंय.
रवा चाळते आहे.