दोरी

किनवटच्या आश्रमशाळेत, आठवीला,
फळ्यावर मी पेरू काढला.
मागून कुणीतरी म्हणालं, "सर, देठ राहिला."
मीही हसलो.

मग सांगितलं, तिकडं डोंगरात
लोक दोरीवर लिहायचे.
लोकरीच्या दोऱ्या, त्यांवर गाठी:
इतके लामा, इतका मका,
इतकी माणसं खाणीत गेली.
स्पॅनिश पाद्र्यांनी कित्येक जाळल्या.
उरल्या त्या काचेमागं.
आकडे लागतात थोडेफार,
गोष्टी लागत नाहीत.

जैवंता टेकाम वहीत काहीच लिहीत नव्हती.
म्हणाली, "आमच्यात लग्नाची पत्रिका नसती, सर.
दोरी येती.
जितके दिवस, तितक्या गाठी.
रोज सकाळी एक सोडायची."

"आणि कुणी सोडलीच नाही तर?"

ती बघत राहिली,
पैनगंगेला पाणी का आहे
असं काहीतरी मी विचारल्यासारखी.
"तर मांडव तसाच राहतो.
ढोल तसाच.
ते लोक वाट बघत असतील की अजून."

घंटा झाली. फळा मी पुसला नाही.
खिशात खडूच्या पुड्याची सुतळी होती,
तिला एक आवळून बसलेली गाठ.
नखानं सोडवता सोडवता
थांबलो.