छाट

पवनीच्या पुढे, नहराच्या काठाला,
बिडीचा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली.
त्याच टिनाच्या शेडात आता
कमरेपासून वरचा एक माणूस उभा आहे:
लोखंडी घोडीवर दोन हात, एक मान,
डोळ्यांच्या जागी काळी भिंगं.
पाय नागपूरलाच राहिले. पाय महाग असतात म्हणे,
आणि बिडी काय, बसूनच वळतात.

त्याला बोटं शिकवायला आणलीय
पुस्तकला खंडातेला.
नाव पुस्तकला, अक्षर एक येत नाही.
हजेरीच्या यंत्राने तिचा अंगठा तीनदा नाकारला,
पानं वळून वळून
रेषाच उरल्या नव्हत्या त्यावर.

तिच्या हातांत तारांचे मोजे, कपाळावर कॅमेरा,
मांडीवर सूप.
भिजलेलं तेंदूपान, चिमूटभर तंबाखू,
वळसा, नखाने मोडलेलं तोंड, दोरा.
माझं काम पडद्यावरच्या प्रत्येक क्षणाला नाव द्यायचं.
पकड. वळण. दाब. घसर. गळ.
रात्री जेवताना घास उचलला
तरी डोक्यात कोणीतरी म्हणतं, पकड.

पहिल्या आठवड्यात त्याने पान फाडलं.
दुसऱ्या आठवड्यातही फाडलं, जरा हळू.
एकशे बाराव्या खेपेला तंबाखू सगळी खाली सांडली
आणि तो रिकामंच पान वळत राहिला,
अगदी मन लावून.
पुस्तकलाबाई पदर तोंडाशी धरून हसली,
"याले सांगा ना बाप्पा, आत काहीच नाही म्हनून!"

ती फाटकी पानं नंबर घालून
मी पिशव्यांत भरायला लागलो, तशी ती उठून आली.
"हे काहून ठेवता?"
मॅडम म्हणाल्या, चुकांतूनच शिकतो तो,
एकही टाकायची नाही.
ती बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली.
"आमच्या हजारातल्या दीडशे काढे चेकर. छाट म्हने.
दाम साडेआठशेचे.
अन् छाट मोडे नाही, पोत्यात भरून नेये.
विकत असन."
मग सुपाशी बसली,
मुद्दाम तीन वाकड्या बिड्या वळल्या
आणि माझ्या टेबलावर ठेवल्या.
"याहीले नंबर घाला."

दिवाळीनंतर त्याला जमायला लागलं.
पोटात फुगलेली, तिरपी, पण बिडी.
आणि तेव्हाच लक्षात आलं:
दर तीनचार बिड्यांनी तो मान वर करतो,
दाराकडे बघतो,
पुन्हा खाली.
दारात कोणी नसतं.
जुनी चित्रणं काढून पाहिली. मान तिचीच होती.
चेकर याच दारातून यायचा.

मॅडम म्हणाल्या, हा निव्वळ गोंगाट, गाळून टाका,
बिडीचा आणि दाराचा काय संबंध?
मी पुस्तकलाबाईला विचारलं.
जराशी ओशाळली.
"तो चेकर मरूनही सात सालं झाली.
पन राहू द्या ना जी,
तेवढाच मानेले आराम."

गाळायचं काम माझं. सहाशे चाळीस तुकडे.
यादीत पकड आहे, दाब आहे, घसर आहे,
बघणं नाही.
नवं नाव जोडायला खाली एक रिकामी चौकट असते.
मी तिच्यात 'भीती' लिहिलं, खोडलं.
'आराम' लिहिलं.
तेही बराच वेळ तसंच राहिलं, बटण न दाबता,
आणि पाचच्या सुमाराला लाइन गेली.

तो दाराकडे बघतच थांबला,
चिमटीत अर्धं वळलेलं पान.
पुस्तकलाबाईने सूप भिंतीला टेकवलं, चपला घातल्या,
जाता जाता ते पान त्याच्या बोटांतून
न फाडता सोडवलं,
उभ्याउभ्याच वळून दोरा बांधला
आणि अंधारात माझ्यापुढे धरलं.
कोणत्या पिशवीत टाकू, मी विचारलं.
"ते तुमी पाहा," म्हणाली,
"अर्धी त्याची हाये."