सोमवारी लेथ बंद

सोमवारी उद्यमनगर बंद,
म्हणून आमचा माईक सोमवारी चालू.
बाकीचे सहा दिवस खालचा लेथ
तौफिकच्या ओळीत घुसायचा,
न बोलावता, फुकट,
आणि खरं सांगू? कधीकधी तालातच.

खोली दहा बाय आठ. आवाज अडवायला
भिंतींवर गूळ मार्केटातलं बारदान ठोकलंय,
धुतलं तरी गोड वास जात नाही.
मुंग्या येतात. एकदा माईकच्या जाळीत
अख्खी रांग शिरली, तेव्हा तो म्हणाला,
“थांब रं, आधी ह्यांचं होऊ दे.”

तो कपिलतीर्थ मंडईत, कांदा-लसणाच्या गाळ्यावर.
सकाळी आठ ते एक ओरडून
घसा तिथंच तापवून यायचा.
“नाद खुळा” लिहायचं नाही,
हे आमचं पहिल्या दिवशीच ठरलेलं.
हलगी घ्यायची, पण फक्त तिची कड,
चामडं तापवताना जाळाचा जो फटफट आवाज होतो, तो.

मी पॅटर्नमेकर.
सागवानाचा आकार कोरतो, तो वाळूत दाबतात, अलगद काढतात,
मग उरलेल्या पोकळीत लोखंड ओततात.
बीट म्हणजे तेच. मला कुणी शिकवलं नाही.
मी त्याच्यासाठी पोकळ्या कोरायचो:
इथं तुझा “ळ”, इथं तुझ्या आईची शिवी,
इथं काहीच नको, इथं लोकांना पडू दे.

ओतीव बाहेर आलं की
पॅटर्न कुणी विचारत नाही.
हे धंद्यात कळतं. दोस्तीत कळायला
कॉलेजच्या गॅदरिंगचं स्टेज लागलं.
त्यानं गल्लीचं नाव घेतलं, गाळ्याचं घेतलं,
ज्याच्या दुचाकीवर आलो त्याचंसुद्धा.
मी साउंडवाल्याशेजारी, हातात वायरचं भेंडोळं.

तीन सोमवार तो आला नाही.
मी बोलावलंही नाही.

माझ्याकडं एक फोल्डर होतं.
चार वर्षं त्याच्या प्रत्येक टेकमधले श्वास
मी कापून काढत आलो, नीटनेटकं करायला,
आणि टाकवले नाहीत.
अकराशे बारीक तुकडे. ओळीआधीचा घोट,
ओळीनंतरची फुंकर,
तापातले, रोजातले, वडलांना सीपीआरमध्ये ठेवलेल्या आठवड्यातले.
ते मी एकापुढं एक लावले. खाली लेथ सोडला,
मंगळवारचा, मुद्दाम रेकॉर्ड केलेला.
शब्द एकही नाही.
रात्री दोनला पाठवलं. दोन निळ्या खुणा.
उत्तर नाही.

चौथ्या सोमवारी जिन्यात लसणाचा वास आला.
हेडफोन घालून तो पोत्याला टेकून बसला,
डोळे मिटून, अडीच मिनिटं.
“ह्यो मी?”
“व्हय.”
“मी एवढा दमतो व्हय रं?”

नावाचं काही निघालं नाही.
मी काढलं नाही, त्यानंही नाही.
अजून आतनं दुखतंय, खोटं कशाला बोलू.

पण लोखंड निवताना आखडतं,
म्हणून पॅटर्न मापापेक्षा जरा मोठा कोरायचा असतो,
हे मला हातानं माहीत आहे.

तो उभा राहिला. माईकवरची एक मुंगी
बोटानं बाजूला केली. श्वास घेतला.
मी तो कापला नाही.